किल्ली मिळाली, घर मिळाले काय?

मुंबईच्या नोकरदाराचा घराचा शोध डोंबिवली आणि बदलापूर मागे टाकून वासिंद, आसनगाव, शहापूर येथवर येऊन ठेपला आहे. रेल्वे नसलेले मुरबाडही त्यातून सुटलेले नाही. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा खुला झाला आणि सदनिकांच्या जाहिरातींना आणखी एक विशेषण मिळाले.

भविष्य निर्वाह निधीतून काढलेली रक्कम आणि बँकेचे वीस वर्षांचे कर्ज यांच्या जोरावर शिक्षक किंवा कारकून ही सदनिका घेतो. कर्जाचा हप्ता सुरू होतो आणि जुन्या जागेचे भाडेही चुकत नाही. या दुहेरी ओझ्याखाली बिल्डर देईल ती किल्ली तो घेतो. ‘दाखला मागाहून येईल’ हे तोंडी आश्वासन त्याला पुरते. वस्तुतः मालकी हक्काच्या सदनिकांसंबंधीच्या १९६३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने पूर्णत्वाच्या दाखल्यावाचून ताबा देण्यास मनाई केली आहे. इतकेच नव्हे, तर तो घेण्यासही केली आहे. परंतु घरपट्टीची पावती हाती पडली की घर कायदेशीर झाले, असा समज सर्वत्र आढळतो. घरपट्टी हा कर आहे, आणि कर बेकायदा बांधकामावरही बसतो.

राहावयास गेल्यावर पहिल्या पावसाळ्यात भिंतींना ओल येते आणि पहिल्या उन्हाळ्यात कूपनलिका आटते. भातसा, तानसा, मोडकसागर ही मुंबईची तहान भागविणारी धरणे शहापूर तालुक्यातच आहेत. एकट्या भातसाचे पाणी मुंबईच्या जवळपास निम्म्या गरजेला पुरते. त्याच तालुक्यातील गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. जेथे मूळच्या रहिवाशांची ही अवस्था, तेथे ‘चोवीस तास पाणी’ असे छापणाऱ्याने ते कोठून आणणार हेही छापावयास हवे होते. प्रत्यक्षात टँकरचे बिल रहिवाशांच्या देखभाल वर्गणीतून जाते, आणि त्या वर्गणीचा हिशेब मागणारा कटकट्या ठरतो.

१ मे २०१७ पासून महारेराचा आधार आला, हे खरे. ताबा दिल्यापासून पाच वर्षांत उघड झालेला बांधकामातील दोष बिल्डरने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावा, असे तो कायदा सांगतो. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या प्रकल्पांना नोंदणीचे बंधन नाही. महानगरात ही सवलत किरकोळ वाटेल. तालुक्याच्या गावी मात्र अशाच लहान इमारतींतून माणसे घर घेतात. त्यांच्या वाट्याला उरतो १९६३ चा कायदा आणि ग्राहक आयोगातील तारखा. जुन्या कायद्यातही दोषदुरुस्तीसाठी तीन वर्षांची मुदत आहे, पण ती लेखी तक्रारीवाचून निघून जाते. गृहनिर्माण संस्था स्थापन होत नाही, जमीन बिल्डरच्याच नावावर राहते. पुढे मानीव अभिहस्तांतरणासाठी खेटे घालणे आलेच.

खरेदीदाराने घाई करू नये, हा उपदेश सोपा आहे. दोन घरांचा खर्च सोसणाऱ्यास तो परवडत नाही. भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारतींची यादी शहापूर व मुरबाडच्या नगरपंचायतींनी आपल्या फलकावर लावावी, आणि हद्दीबाहेरच्या इमारतींची तहसील कचेरीने. यासाठी नवा कायदा नको, की मंत्रालयाची मंजुरी नको. फलक तेथे आहेतच. निविदा आणि लिलावाच्या नोटिसा त्यांवर नित्य लागतात.