स्वभावाला औषध असते!

'स्वभावाला औषध नाही' अशी आपल्या मराठीत एक म्हण आहे. माणसांच्या बाबतीत ती कितपत खरी, याचा निर्णय तत्त्वज्ञान विभागाच्या प्राध्यापकांवर सोपविणे बरे. मांजरांच्या बाबतीत मात्र ती नुसती खोटीच नव्हे, तर घातक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. हे सांगण्याचा अधिकार कोणता, असे कोणी विचारील तर शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात एक भाटी आणि एक बोका आमच्याबरोबर नांदतात, एवढेच उत्तर मी देईन.

कुत्र्याला आपण इमानी म्हटले, गाईला माता म्हटले. मांजराच्या वाट्याला मात्र ढोंगी, चोरटे, आपमतलबी हीच विशेषणे आली. एकदा स्वभाव ठरवून टाकला की पाहण्याचे कष्ट उरत नाहीत. बोक्याने अंथरुणावर लघवी केली, तो माजला. भाटीने दोन दिवस खाल्ले नाही, ती रुसली. कोपरा धरून बसली, आळशीच ती!

वस्तुतः मांजर हा दुखणे लपविणारा प्राणी आहे. त्याचे दुखणे ओरडण्यातून नव्हे, तर बदललेल्या वागण्यातून दिसते. बोक्याचेच पाहा. त्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो. त्यात खडा किंवा गाळ अडकला की तो पुनःपुन्हा बसतो, कण्हतो, थेंब-थेंब लघवी नको तिथे करतो. आपण 'घाण करतो' म्हणून केरसुणी उगारतो. लघवी पुरती तुंबली तर दोन-तीन दिवसांत बोका दगावतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे नेला तर बहुधा वाचतो. भाटीच्या 'रुसण्या'चेही तेच. लठ्ठ मांजर काही दिवस उपाशी राहिले तर त्याच्या यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकते.

आता दोघांच्या भांडणाविषयी. दोन मांजरे म्हणजे वसतिगृहाच्या एका खोलीतले दोन विद्यार्थी समजा. दोघांत एक ताट आणि एक कॉट दिली तर तंटा होणारच! जाणकारांचा साधा नियम असा, की मांजरे जितकी त्याहून एक जास्त मातीची पेटी ठेवावी. म्हणजे दोघांना तीन, आणि त्याही वेगवेगळ्या जागी. खाण्याच्या वाट्या वेगळ्या असाव्यात, बसायला उंच जागा दोन असाव्यात. दवाखान्यातून परतलेल्या बोक्यावर आमची भाटी दोन दिवस फिस्कारत होती. ते वैर नव्हते. त्याच्या अंगाला परका वास येत होता, आणि मांजर आपल्या माणसाला, आपल्या सोबत्याला नाकाने ओळखते.

आपले प्रेमही कधी कधी नडते. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावरचे धारोष्ण दूध आपल्याला मानवते, पण पुष्कळ मोठ्या मांजरांना दुधाने जुलाब होतात. रविवारच्या रश्श्यात कालवलेला भाकरीचा तुकडा आपण कौतुकाने टाकतो. त्यातल्या कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. अंग गरम लागले म्हणून पॅरासिटामॉलची गोळी देणारेही आहेत. ती एक गोळीसुद्धा मांजराचा प्राण घेऊ शकते.

प्रेमासारखेच भीतीचे. घरात सून गरोदर राहिली की मांजर पोत्यात घालून दूर सोडले जाते. मांजराच्या विष्ठेतून टोक्सोप्लाझ्मा नावाचा परजीवी जंतू पसरू शकतो, हे खरे. पण मांजर तो बहुधा पहिल्या संसर्गानंतरचे काही आठवडेच बाहेर टाकते, आणि विष्ठेत पडल्यावर तो बाधक व्हायला किमान एक दिवस लागतो. म्हणजे घरातल्या दुसऱ्या कोणी रोज पेटी साफ केली की बरेचसे काम झाले. अर्धकच्च्या मटणातून आणि न धुतलेल्या भाजीतूनही तोच जंतू येतो. पण मटण कोणी पोत्यात घालून सोडल्याचे ऐकिवात नाही!

जिथे खरेच भ्यावे तिथे मात्र आपण निर्धास्त! रेबीज मांजराच्या चाव्यातूनही होतो आणि लक्षणे दिसल्यावर त्यातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लुई पाश्चर यांनी १८८५ साली त्याची लस माणसाला टोचली; आपण मात्र अजून जखमेवर चुना आणि तिखट लावतो. साबण आणि वाहते पाणी पंधरा मिनिटे, मग तडक दवाखाना, हाच उपाय. मांजरालाही दर वेळी ठरल्या मुदतीत लस टोचावी.

आपल्या जिल्ह्यात म्हशीने एक वेळ वैरण टाकली तर संध्याकाळच्या आत डॉक्टर गोठ्यात येतो. तिथे कोणी 'तिचा स्वभावच तसा' म्हणत नाही, कारण म्हशीला किंमत आहे. मुंबईत पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ साली निघाले, शिरवळला १९८८ साली. तेव्हा विद्या आपल्याकडे नवी नाही. बिनकिमतीच्या जनावरासाठी तिचा उपयोग करावा, ही बुद्धी तेवढी नवी आहे.

भाटी चार-सहा महिन्यांची झाली की माजावर येऊ शकते आणि सुमारे दोन महिन्यांत विते. तिची शस्त्रक्रिया टाळून पुढे पिल्ले बाजारात नेऊन सोडायची आणि वर 'मांजराची जातच बेइमान' म्हणायचे, हा कुठला न्याय? मित्रहो, 'स्वभाव' हा शब्द उच्चारण्यापूर्वी एकदा दुखणे तपासा, एकदा आपली व्यवस्था तपासा. एवढे करूनही काही उरलेच, तर त्याला खुशाल स्वभाव म्हणा. माझा अनुभव असा, की फारसे काही उरत नाही.