चार जुलैचे मानकरी

अमेरिकेचे स्वातंत्र्य वस्तुतः २ जुलै १७७६ रोजीच ठरले. ४ जुलैला संमत झाला तो जाहीरनाम्याचा मजकूर. पुढील पिढ्या २ जुलैचाच उत्सव करतील, असे जॉन अ‍ॅडम्स यांनी पत्नीस लिहिलेही होते. लोकांनी चार तारीख उचलली. आणि बरोबर पन्नास वर्षांनी, ४ जुलै १८२६ रोजी, अ‍ॅडम्स व जाहीरनाम्याचे लेखक थॉमस जेफर्सन हे दोघेही काही तासांच्या अंतराने निवर्तले! तत्कालीन अमेरिकेला यात ईश्वरी संकेत दिसला, तर नवल नाही.

तथापि या संकेताआड बरेच काही झाकले जाते. सर्व माणसे समान असल्याचे लिहिणाऱ्या जेफर्सन यांनी हयातीत सहाशेहून अधिक गुलाम बाळगले. त्यांच्या मागे राहिलेल्या कर्जापायी जानेवारी १८२७ मध्ये त्यांच्याच मळ्यावर माणसांचा लिलाव पुकारला गेला. (अ‍ॅडम्स यांनी गुलाम कधीच ठेवला नाही, स्मरणोत्सवात हा भेद सहसा कोणी काढीत नाही.) त्याच वर्षीच्या ४ जुलैला न्यूयॉर्क राज्यातील गुलामगिरी कायद्याने संपली. आमच्या मते खरा मोलाचा योगायोग हा. पण तेथील कृष्णवर्णीयांनी मिरवणूक काढली ती ५ जुलैला; आदल्या दिवशीचे रस्ते गोऱ्यांचे होते.

अमेरिकेने १९४६ साली फिलिपिन्सला स्वातंत्र्य दिले तेही ४ जुलैलाच. दात्याने मुहूर्तही स्वतःचाच काढला! १९६२ मध्ये फिलिपिन्सने तो बदलून १२ जून केला. १८९८ साली स्पेनविरुद्ध त्याने स्वतः स्वातंत्र्य पुकारले होते, तो हा दिवस.