विश्लेषण : ७२७ अश्वशक्तीची मोटार लिटरला ६० किलोमीटर कशी धावते?

बीएमडब्ल्यूने जून २०२४ मध्ये एम५ या स्पोर्ट्स सेदानची नवी पिढी सादर केली. ४.४ लिटरचे व्ही८ पेट्रोल इंजिन, जोडीला विजेची मोटर, एकत्रित ताकद ७२७ अश्वशक्ती. शून्य ते १०० किमीचा वेग साडेतीन सेकंदांत. युरोपात तिचा अधिकृत इंधनवापर नोंदवला गेला तो १०० किमीला अवघा १.६ ते १.७ लिटर. म्हणजे आपल्याकडच्या हिशेबाने लिटरला साधारण ६० किलोमीटर, जवळपास १०० सीसीच्या मोटारसायकलीइतके. आकडा खोटा नाही, नियमांनुसारच काढलेला आहे. आणि गडबड नेमकी तिथेच आहे.

हा आकडा येतो कुठून?

एम५ ही ‘प्लग-इन हायब्रिड’ आहे. घरी चार्जिंग करून ती ६५ ते ७० किमी केवळ विजेवर धावू शकते. युरोपातील ‘डब्ल्यूएलटीपी’ चाचणीत अशी मोटार दोनदा तपासली जाते. एकदा भरलेल्या बॅटरीवर आणि एकदा बॅटरी रिकामी झाल्यावर. मग मालक किती टक्के अंतर विजेवर कापेल याचे एक गृहीत प्रमाण लावून दोन्हींची सरासरी काढतात. हे प्रमाण बॅटरीच्या पल्ल्यानुसार ठरते. पल्ला जेवढा मोठा, तेवढा मालक शहाणा, असा हा हिशेब! १.६ लिटरचा आकडा खरा ठरायचा, तर मालकाने पाचपैकी चारहून अधिक किलोमीटर विजेवर कापायला हवेत. व्ही८च्या आवाजासाठी पैसे मोजणारा ग्राहक हे करील का, हा प्रश्न चाचणीत विचारला जात नाही.

प्रत्यक्षात काय घडते?

युरोपात २०२१ पासून नव्या मोटारींमध्ये प्रत्यक्ष इंधनवापर नोंदवणारी यंत्रणा सक्तीची आहे. तिच्या नोंदींवर आधारित अहवाल युरोपीय आयोगाने मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केला. साध्या पेट्रोल-डिझेल मोटारींचे रस्त्यावरील उत्सर्जन कागदावरील आकड्यापेक्षा सुमारे २० टक्के जास्त निघाले. प्लग-इन हायब्रिडचे मात्र सरासरी साडेतीन पट. लोक गृहीत धरले होते तितके चार्जिंग करत नाहीत, हे त्याचे मुख्य कारण.

एम५च्या बाबतीत अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचे, म्हणजे ‘ईपीए’चे आकडे अधिक बोलके आहेत. तिथे विजेवरचा आणि केवळ पेट्रोलवरचा वापर वेगवेगळा छापतात. केवळ पेट्रोलवर ही मोटार गॅलनला १४ मैल, म्हणजे लिटरला सुमारे सहा किमी देते. विजेची मोटर नसलेली आधीची एम५ गॅलनला १७ मैल, म्हणजे लिटरला सात किमीच्या वर जात होती. बॅटरी संपली की नवी मोटार जुनीपेक्षा अधिक तेल पिते.

याचे कारण वजन. नव्या एम५चे वजन २,४०० किलोच्या पुढे गेले आहे, आधीच्या पिढीपेक्षा सुमारे साडेचारशे किलो जास्त. शहरात दर वेळी वेग घेताना हा भार ओढावा लागतो. हमरस्त्यावर वजनापेक्षा हवेचा विरोध महत्त्वाचा ठरतो. वेग दुप्पट झाला की हवा कापायला लागणारी ताकद आठपट होते. बुगाटी व्हेरॉनची १०० लिटरची टाकी सर्वोच्च वेगात १२ मिनिटांत रिकामी होते, ती याचमुळे. तिथे कोणतीही बॅटरी फारशी कामाला येत नाही.

मग कंपन्यांचा हा खटाटोप कशासाठी?

युरोपात कार्बन उत्सर्जनाची मर्यादा प्रत्येक मोटारीला नसून कंपनीच्या सर्व विक्रीच्या सरासरीला आहे. सरासरी मर्यादेपेक्षा एक ग्रॅम वाढली, तर विकलेल्या प्रत्येक मोटारीमागे ९५ युरो दंड. २०२५ पासून एकूण बाजारपेठेसाठीचे लक्ष्य किलोमीटरला ९३.६ ग्रॅम आहे. आधीची एम५ अडीचशे ग्रॅमच्या आसपास होती, तिची प्रत्येक विक्री सरासरी बिघडवत असे. नवी सादर झाली तेव्हा तिची नोंद ३७ ते ३९ ग्रॅम झाली. त्यामुळे ७२७ अश्वशक्तीची मोटार विकून कंपनीची सरासरी तेव्हा चक्क सुधारत होती. जर्मनीत ५० ग्रॅमच्या आतील प्लग-इन हायब्रिड कंपनीतर्फे मिळाली, तर कर्मचाऱ्याच्या करातही मोठी सवलत आहे.

सरासरीसाठीच्या कसरती जुन्याच. अॅस्टन मार्टिनने २०११ मध्ये टोयोटा आयक्यू या चिमुकल्या मोटारीला आपला मुखवटा चढवून ‘सिग्नेट’ नावाने विकायला काढले होते. दोनच वर्षांत ती गुंडाळावी लागली. अमेरिकेत अतिइंधनखाऊ मोटारींवर १९७८च्या कायद्याने ७,७०० डॉलरपर्यंत कर लागतो. तो चुकवण्यासाठी १९८९च्या कॉर्व्हेटमध्ये हळू चालवताना गिअर पहिल्यावरून थेट चौथ्यात जाईल अशी सोय केली गेली. एसयूव्ही आणि पिकअप या करातून वगळलेल्या आहेत, त्या कितीही पेट्रोल प्यायल्या तरी!

आता काय बदलते आहे?

युरोपने गृहीत प्रमाण दुरुस्त करायला घेतले आहे. २०२५ पासून नव्या मॉडेलांना आणि २०२६ पासून सर्व नव्या मोटारींना कडक हिशेब लागू झाला. पुढचा टप्पा २०२७च्या सुमारास. मोटार तीच, पण तिचे कागदोपत्री उत्सर्जन वाढते. वाहन उद्योगाचा याला विरोध आहे.

भारतात एम५ नोव्हेंबर २०२४ मध्ये १.९९ कोटी रुपयांना (एक्स-शोरूम) आली. आपल्याकडे जीएसटी ठरताना मोटारीची लांबी आणि इंजिनाचा आकार पाहिला जातो, इंधनवापर नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये दर बदलले तेव्हा मोठ्या मोटारींवरील उपकरासह ५० टक्क्यांपर्यंत जाणारा बोजा ४० टक्क्यांवर आला. लिटरला सहा किमी देणारी मोठी मोटार असो वा १५ किमी देणारी, दर एकच.