पोर्टेबल आणि माझं मत

आमचं मिल्टन टोरांटोच्या पश्चिमेला. २००१ साली इथे साधारण ३१ हजार माणसं होती, २०२१च्या जनगणनेत झाली १ लाख ३३ हजार! शेतं गेली, घरांच्या रांगा आल्या. शाळा मात्र त्या वेगाने आल्या नाहीत. त्यामुळे माझी लेक मैदानात ठेवलेल्या तात्पुरत्या खोलीत शिकते. इथे तिला 'पोर्टेबल' म्हणतात.

इथले प्रांतिक आमदार पर्म गिल यांनी २०२४च्या सुरुवातीला केंद्राच्या राजकारणात जायचं म्हणून राजीनामा दिला. २ मे रोजी पोटनिवडणूक झाली, झी हमीद निवडून आले. त्याआधी एक कार्यकर्ती दारात आली होती. मी "वेळ नाही" म्हणून दार लावलं. मतदानालाही गेलो नाही.

गंमत म्हणजे शनिवारी मित्र जमले की आम्ही महाराष्ट्रातल्या युत्या-आघाड्यांवर तावातावाने भांडतो. तिथे आमचं मत नाही! आणि शाळा, इस्पितळ, गो ट्रेन, ज्यांच्या नावाने रोज बोटं मोडतो, ते सगळं ओंटारिओ सरकारच्या हातात. तिथे मत आहे, तर आम्ही घरी.

लेकीने विचारलं, "बाबा, तुम्ही कुणाला मत दिलंत?" काय सांगणार, कप्पाळ?

नवीन गावात आपण पाहुणे आहोत असं वाटतं, हे खरं. पण वीस वर्षांचं कर्ज काढून कुणी पाहुणा राहतो का?

२७ फेब्रुवारी २०२५ ला मात्र थंडीत जाऊन मत देऊन आलो. पोर्टेबल अजून तिथेच आहे. पण आता तक्रार करताना निदान ओशाळायला होत नाही.