शर्टाचं बटण आणि मानेचा मणका

मानेच्या मणक्याचं ऑपरेशन म्हटलं की आपल्याकडे घरात दोन तट पडतात. एक म्हणतो, "डॉक्टर सांगताहेत ना, मग करून मोकळे व्हा." दुसऱ्याच्या ओळखीत कुणीतरी असतोच, जो ऑपरेशनला गेला आणि "परत उठलाच नाही". हे सगळं ट्यूबलाइटसमोर एमआरआयची फिल्म धरून चालतं. ज्याची मान आहे, त्याला "बाबा, हातपाय नीट चालतात ना?" असं मात्र कुणी विचारत नाही. माझ्या मते निर्णय त्या प्रश्नाच्या उत्तरावर व्हायला हवा.

आधी फिल्मचं पाहू. मानेची तक्रार नसलेल्या १,२११ जपानी लोकांचे एमआरआय काढून केलेला एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेत गादी फुगलेली निघाली. विशीतल्या पोरांमध्येही हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर होतं. तेव्हा रिपोर्टात ‘सी-५, सी-६ डिस्क बल्ज’ असं छापून आलं म्हणून झोप उडवून घ्यायचं कारण नाही. केस पिकावेत तसंच ते. रिपोर्टातली ओळ आणि रोग्याची तक्रार एकमेकींशी जुळते का, हे तपासायला हातोडी आणि टाचणी घेऊन बसणारा डॉक्टर लागतो.

तक्रारी तीन तऱ्हेच्या असतात आणि तिन्हींना आपण ‘स्पॉन्डिलायसिस’ या एकाच पोत्यात भरतो. नुसती मान दुखते, आखडते, हातात काही उतरत नाही, ही पहिली. इथे मणके जोडण्याची बाजू सगळ्यात लंगडी आहे. व्यायाम, उशी, बसण्याची पद्धत आणि धीर यांवर भागवावं, असं मी स्पष्टच म्हणेन.

दुसरी नस दबल्याची. खांद्यातून बोटांपर्यंत कळ जाते, मुंग्या येतात, रात्री हात डोक्यावर घेतल्याशिवाय झोप लागत नाही. हे दुखणं माणसाला रडवतं, म्हणून घाई इथेच होते. पण बहुतेकांचं ते काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत आपोआप ओसरतं. स्वीडनमध्ये ८१ रुग्णांचे तीन गट केले होते: ऑपरेशन, फिजिओथेरपी आणि मानेचा पट्टा. १९९७ साली आलेला त्याचा निष्कर्ष असा की वर्षअखेर तिन्ही गटांत फरक उरला नव्हता. २०१३ च्या दुसऱ्या स्वीडिश अभ्यासात ऑपरेशनवाल्यांना आराम लवकर पडला, दोन वर्षांनी अंतर कमी झालं. पुढे पाच-आठ वर्षांनी पाहिलं तेव्हा मात्र ऑपरेशनवाले पुन्हा थोडे पुढे होते. म्हणजे इथे ऑपरेशन चूक नाही. ते मुख्यतः वेळ वाचवतं. रोजंदारीवर पोट असलेल्याला तो वेळ परवडत नसेल, तर त्याने ऑपरेशन निवडण्यात गैर काहीच नाही. हातातली ताकद दिवसेंदिवस कमी होत असेल, तर मात्र थांबू नये.

तिसरी तऱ्हा अनेकदा दुखतच नाही, आणि माझी सगळी काळजी तिथे आहे. मणक्यांच्या मधला मज्जारज्जूच दाबला जातो. शर्टाचं बटण लागेना होतं. सुटे पैसे बोटांतून निसटतात, सही बदलते, चालताना पायातली चप्पल कधी गळून पडली ते कळत नाही. अंधारात भिंत धरावी लागते, लघवीला पळावं लागतं. घरचे म्हणतात, वय झालं. दुखत नसल्याने डॉक्टरकडे जायला कुणी तयार नसतं आणि दोन-दोन वर्षं मालिशीत जातात. जपानी डॉक्टरांनी १९८७ मध्ये एक सोपी चाचणी मांडली: मूठ झपाझप उघडायची-मिटायची. धडधाकट माणूस दहा सेकंदांत वीस किंवा जास्त वेळा हे करतो. आकडा बराच खाली आला, तर मानेची तपासणी करून घ्यायलाच हवी.

२०१७ सालच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना या दुखण्याच्या मध्यम आणि तीव्र अवस्थेत ऑपरेशनच सांगतात. सौम्य अवस्थेत देखरेखीखाली व्यायाम करून पाहायला वाव आहे, पण बिघडत गेलं तर तोही संपतो. मुख्य हेतू असतो घसरण थांबवण्याचा. गेलेलं किती परत येईल, हे बरंचसं किती उशीर झाला यावर ठरतं. एक खबरदारी घ्यावी. बी-१२ ची कमतरताही अशाच मुंग्या आणि असाच तोल देते, आणि आपल्या शाकाहारी घरांत ती कमी नाही. मधुमेह आणि मनगटात दबलेली नस यांचंही तसंच. साधी रक्ततपासणी आधी झालेली बरी.

प्रत्यक्ष ऑपरेशन १९५०च्या दशकात बाल्टिमोरला स्मिथ आणि रॉबिन्सन यांनी, आणि होनोलुलूला क्लोवर्ड यांनी रूढ केलं. गळ्याच्या पुढून, अन्ननलिका आणि श्वासनलिका बाजूला सारून जायचं, गादी काढायची, जागी हाड किंवा पिंजरा बसवून दोन मणके सांधायचे. "मान वळणारच नाही" ही भीती मात्र फुकट आहे. मान वळवण्याचं जवळपास निम्मं काम अगदी वरचे दोन मणके करतात, आणि हे ऑपरेशन सहसा खालच्या मणक्यांवर असतं. खऱ्या भानगडी वेगळ्या. काही दिवस गिळताना त्रास होतो, कधी आवाज बसतो; गायक, शिक्षक, कीर्तनकार यांनी तो धोका आधीच बोलून घ्यावा. शिवाय शेजारचे मणके. १९९९ च्या एका अमेरिकी अभ्यासात दर वर्षी सुमारे तीन टक्के लोकांना शेजारच्या जागी नवी तक्रार सुरू झाली, दहा वर्षांत साधारण चारातल्या एकाला. हा जोडण्याचा परिणाम की वयाचा, यावर तज्ज्ञ अजून भांडतात.

तज्ज्ञांचं तसं बऱ्याच गोष्टींवर पटत नाही. पुढून की मागून, जोडायचं की कृत्रिम गादी घालायची, यावर दोन चांगले सर्जन दोन मतं देतील. मुंबईच्या केईएममध्ये काम केलेले डॉ. अतुल गोयल यांची वरच्या दोन मणक्यांना पट्टी आणि स्क्रूने धरण्याची पद्धत जगभर वापरली जाते. त्याच गोयलांनी झिजलेल्या मानेत दाब न काढता नुसतं स्थिर करावं असं मांडलं, तेव्हा अनेकांनी भुवया उंचावल्या. म्हणून दुसरं मत घेताना संकोच नको. कागद मागितल्यावर ७२ तासांत ते देणं २००२ च्या वैद्यकीय नियमावलीनुसार डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

तारीख ठरली की घरात रजा, पैसे, रात्री कोण थांबणार, सगळ्याची जुळवाजुळव होते. तंबाखूचा विषय तेवढा राहतो. निकोटिनमुळे हाड जुळून येण्यात अडथळा येतो, आणि सिगारेट सोडलेला माणूस खिशातली पुडी मोजत नाही. बायका तर मिश्रीबद्दल सर्जनसमोर चकार शब्द काढत नाहीत, कारण सोबत सासरे किंवा जावई बसलेले असतात. त्यांना पाच मिनिटं बाहेर पाठवा आणि सांगून टाका.