जुळ्यांची वार एक की दोन? रिपोर्टवर लिहा!

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनी भूमिका घेतली होती की, बाळंतपणाचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. आज तो भार कसा उचलला जातो? "जुळी आहेत, ठोके चांगले आहेत," एवढं सांगून वस्तीतल्या बाईला घरी पाठवलं जातं.

ठोके ऐकू येणं वेगळं आणि हृदय नीट काम करणं वेगळं.

एकसारख्या जुळ्यांपैकी बहुतेक जोड्या एकाच वारेवर वाढतात. त्या वारेत दोघांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. अशा दर १०० गरोदरपणांपैकी साधारण १० ते १५ मध्ये रक्ताची वाटणी बिघडते. एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जात राहतं. देणाऱ्याभोवतीचं पाणी आटतं, घेणाऱ्याभोवती साचतं. (इथे शोषक-शोषिताचं रूपक लावायचा मोह आपल्या वक्त्यांना होईल. तो आवरावा, कारण इथे जास्त मिळणाऱ्याचंच हृदय थकतं.) त्याच्या हृदयाच्या भिंती जाड होतात, झडपेतून रक्त मागे गळतं. डॉप्लर सोनोग्राफीत आणि गर्भाच्या इकोत हे दिसतं, कधीकधी आजार पहिल्या टप्प्यात असतानाच. तरी १९९९ पासून जगभर वापरात असलेल्या क्विंटेरोच्या टप्प्यांत हृदयाच्या कामाचं वेगळं मोजमाप नाही. म्हणून ते मुद्दाम पाहावं लागतं. आईला मात्र पोट वाढल्यापलीकडे फारसं कळत नाही, आणि जुळ्यांत पोट मोठंच असणार म्हणून घरचेही गप्प बसतात.

उपाय नाही असंही नाही. जोडलेल्या रक्तवाहिन्या लेझरने बंद करता येतात. नुसतं पाणी काढण्यापेक्षा त्यात निदान एक बाळ वाचण्याचं प्रमाण जास्त असल्याचं २००४ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत दिसलं. पण त्यासाठी आजार वेळेवर सापडायला हवा. म्हणजे ११ ते १४ आठवड्यांत वार एक की दोन हे ठरवायचं, आणि एक असेल तर १६ व्या आठवड्यापासून दर २ आठवड्यांनी सोनोग्राफी करायची.

सरकारी अभियानाची ठरलेली तपासणी दर महिन्याच्या ९ तारखेला! मराठवाड्यातली ऊसतोड करणारी बाई दिवाळीच्या सुमारास निघते ती उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. तिचे हे सगळे आठवडे फडातच जातात.

गर्भलिंग निदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. सोनोग्राफी यंत्रावरचा पहारा हवाच, त्यात तडजोड नाही. पण गुन्ह्यासाठी ते यंत्र बंद ठेवणं ही अर्धी लढाई झाली. गरजेच्या बाईला तेच यंत्र फुकट आणि वेळेवर मिळणं ही उरलेली अर्धी आम्ही मागतो आहोत.

रुग्ण कल्याण समितीच्या पुढच्या बैठकीत कार्यकर्त्यांनी लेखी विचारावं: आपल्या केंद्रात नोंदलेल्या जुळ्यांच्या किती रिपोर्टांवर वारेची संख्या लिहिली आहे? एक वार असलेल्या बाईला दर पंधरवड्याला कुठे पाठवता, गाडीभाडं कोण देतं, आणि बाळांच्या हृदयाची तपासणी जिल्ह्यात कोण करतं?