आकडा कोणत्या मीटरचा?

जुन्या व्हॉल्व्ह रेडिओंच्या सर्व्हिस शीटवर पुष्कळदा बारीक टाइपात एक तळटीप असे : व्होल्टेज 20,000 ओहम प्रति व्होल्टच्या मीटरने मोजले आहे. ती वाचायची कोणाला सवड नसते. मग डिजिटल मीटरवर शीटपेक्षा जास्त आकडा आला की धडधाकट रेझिस्टर उपटला जातो.

टेबलावर करून पाहा. 12 व्होल्टवर एकेक मेगओहमचे दोन रेझिस्टर सिरीजमध्ये लावा. मधल्या जोडावर 6 व्होल्ट हवेत. तिथे 20,000 ओहम प्रति व्होल्टचा काट्याचा मीटर 10 व्होल्टच्या रेंजवर लावला, तर त्याचा अंतर्गत रोध 2 लाख ओहम. म्हणजे खालच्या रेझिस्टरला पाचपट लहान रेझिस्टर आपणच पॅरलल जोडला! काटा 1.7 वर थांबतो. रेंज 50 केली की तोच मीटर 10 लाख ओहमचा होतो आणि 4 व्होल्ट दाखवतो. मीटर खोटे बोलत नाही. प्रोब टेकलेले असताना त्या जोडावर तेवढेच व्होल्टेज असते. म्हणून रेंज बदलल्यावर आकडा भलताच सरकला, तर मीटर सर्किटवर बसलाय असे समजावे.

10 मेगओहमचा डिजिटल मीटर 5.71 दाखवतो. हेही 6 नव्हे. पण दशांशानंतर दोन अंक दिसले की आपण निमूटपणे मान डोलावतो. त्याचा रोध सहसा रेंजनुसार बदलत नाही, तेव्हा तसाच दुसरा मीटर पॅरलल लावा. आकडा 5.45 वर उतरेल. पॉवर सप्लायच्या लाइनवर हाच प्रयोग केला तर तो ढिम्म हलणार नाही.

वायरमन मंडळींचे दुखणे उलटे. चालू फेजशेजारून एकाच पाइपातून गेलेल्या, दोन्ही टोकांना सोडलेल्या वायरवर हाच मीटर पाऊणशे व्होल्टसुद्धा दाखवू शकतो. टेस्ट लॅम्प लावला की सगळे गायब. तिथे रोध जास्त असणे हेच अडचणीचे, म्हणून काही मीटरांत मुद्दाम काही किलोओहमची 'लो-झेड' सोय दिलेली असते.

या अंकापासून आमच्या सर्किट आकृत्यांत प्रत्येक व्होल्टेजसोबत मीटरचा रोध छापला जाईल. लेखकांनी मीटरचे मॉडेल आणि रेंज कळवावी. नुसते 'मल्टिमीटरने मोजले' असे लिहून आले, तर कार्यालयातून फोन येईल.